साधी, स्पोर्ट आणि दोन किटल्या दूध

माझं शिक्षण चौथी. चौथीतसुद्धा मी शेवटपर्यंत बसलो नव्हतो असं सांगणारे दोन म्हातारे आमच्या करकंब गावात अजून जिवंत आहेत, पण त्यांचं मनावर घ्यायचं कारण नाही. गाडीतलं मात्र मला कळतं. उभी हयात मी दुधाचा टेम्पो चालवला. आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि ऊन चढायच्या आत डेअरीत ओतायचं. कच्चा रस्ता, खडीचा रस्ता, उसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडलेला रस्ता, सगळ्यांवरनं दूध नीट नेलंय. त्यामुळं गाडीच्या बाबतीत कुणी मला शहाणपण शिकवायला लागलं की मी शांतपणे ऐकून घेतो आणि मग माझ्या मनाचंच करतो. या खेपेलाही तेच केलं.

झालं असं. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन सोलापुरात झालं. त्यानंतर दोन महिने ती जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटवर होती. तिसरा मजला. खिडकीतनं समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतनं आमची. एवढाच तिथला निसर्ग. मी इकडं गावाकडं एकटा. स्वतः भाकरी थापायचो. एकदा कुत्र्याला घातली, तर त्यानं भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही, पण दर गुरुवारी उपचाराला इथं आणायचं आणि वाटेत हिसका बसता कामा नये. जीप नको, एसटी नको, मुलाची मोटारसायकल तर नावालासुद्धा नको. तशी गाडी नसेल तर दिवाळीपर्यंत इथंच ठेवा. म्हणजे बायको घरी येणार की नाही, हे आता गाडीवर ठरणार होतं. माझ्या शब्दावर या घरात काही ठरत नाही हे मला ठाऊक होतं, पण निदान चार चाकांपेक्षा तरी माझा मान वरचा असावा असं वाटत होतं.

मुलगा ऑफिसात काम करतो. त्याच्या खुर्चीला चाकं आहेत, म्हणून त्याला चाकांतलं कळतं असा त्याचा समज आहे. त्यानं आठवडाभर मोबाईल चोळला आणि सांगितलं, "आबा, नव्या बारक्या गाडीच्या भावात जुनी मोठी परदेशी गाडी मिळते. मऊ चालते. आईला तशीच पाहिजे." मग विजापूर रोडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं मला घेऊन गेला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी माझं कुठं लिहिलंय.

तिथं दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, दोन्ही पांढऱ्या. एक साधी, एक स्पोर्ट. मी म्हणालो, इंजिन दाखवा. दाखवलं. दोन्हींत एकच इंजिन. मग स्पोर्टला भाव जास्त कशाचा, असं विचारलं तेव्हा मुलगा आणि व्यापारी दोघंही मला एकेक गोष्ट दाखवायला लागले. मी हात मागं बांधून फिरलो.

स्पोर्टच्या सीटला लाल दोऱ्याची शिलाई. साधीला शिलाईचा दोरा कातड्याच्याच रंगाचा, म्हणजे दिसत नाही. जो दोरा दिसतो त्याचे पैसे जास्त. स्पोर्टचं स्टिअरिंग खालनं कापलेलं. गोल चाक करायला जास्त लोखंड लागतं की कमी, हा हिशेब तिथं कुणाला विचारण्यासारखा नव्हता. स्टिअरिंगच्या मागं दोन कान. त्यानं गिअर बदलतात म्हणे. पण गाडी ॲटोमॅटिक, गिअर आपले आपणच बदलते. मग कान कशाला, तर हौस. आतलं छत काळंकुट्ट, दिवसाढवळ्या तळघरात बसल्यासारखं. पायाखालच्या ब्रेकच्या पट्टीला चकचकीत पत्रा आणि त्याला रबराचे ठिपके. मागं दोन रुंद धुराडी. मी खाली वाकून आत बोट घातलं, तर धुराडी बंद. नुसतं तोंड. खरी नळी आत खाली तोंड करून लपलेली. एवढी लाज मी माणसांतसुद्धा बघितली नाही.

चाकं मोठी, पण त्यावरचं रबर बांगडीएवढं. साधीची चाकं बारीक आणि टायर जाडजूड, पोट सुटल्यासारखा. साधीच्या डिकीत जादा चाक. स्पोर्टच्या डिकीत चाकाच्या जागी एक पंप आणि डिंकाची बाटली. पंक्चर झालं तर डिंक लावायचा. साधीत मळकट पांढऱ्या सीटा आणि लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक. आमच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनच्या टेबलासारखं, आतनं काय आहे ते विचारू नये.

मी स्पोर्टच्या दारावर हात ठेवला, तेव्हा व्यापाऱ्यानं माझ्या चपलेकडं बघितलं आणि तो म्हणाला, "काका, वो नको. वो जवान लोगां की गाडी. तुमच्यासाठी हे साधीच बरी."

तो माझ्याच वयाचा माणूस. अर्धं मराठी बोलतो, अर्धं त्याच्या घरचं. मनाचा वाईट नाही हे मला नंतर कळलं. पण त्यावेळी त्यानं चपलेकडं आधी बघितलं आणि साधी नंतर म्हणाला, हा क्रम माझ्या डोक्यात गेला.

मुलगाही तेच म्हणायला लागला. "आबा, स्पोर्टची स्प्रिंग कडक असते. आईला साधीच बरी. सगळीकडं तेच लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"ज्यांनी चालवलीय त्यांनी."

"त्यांच्या बायकांचं मणक्याचं ऑपरेशन झालतं का?"

"तसं नाही आबा."

"मग गप ऱ्हा. उद्या मी बघतो कुटली मऊ हाय ती."

गाडी मऊ का कडक हे बघायची आम्हा दूधवाल्यांची एक रीत आहे. ती मोबाईलवर मिळत नाही. गाडीत दूध ठेवायचं आणि खराब रस्त्यानं फिरवून आणायचं. दणके बसले तर दूध घुसळतं आणि झाकणाला आतनं लोण्याचे कण धरतात. गाडी मऊ असली तर झाकण कोरडं. टेम्पोची स्प्रिंग गेली की आम्हाला गॅरेजवाला सांगत नसे, झाकण सांगायचं.

रात्री बायकोनं फ्लॅटवर पडल्या पडल्या विचारलं, "दूध कशाला फिरवताय? मलाच बसवा की एकदा त्यात. काय ते कळंल."

मी म्हणालो, "बैल घ्यायला कुनी बायकोला नेतं का?"

"बैलावर मी बसत न्हाय."

एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुळे सोलापूरच्या टोकाला एक गोठा आहे, तिथनं म्हशीचं दूध समोर काढून घेतलं. दोन किटल्या, पाच पाच लिटरच्या, अगदी काठोकाठ. लोणी लवकर दिसावं म्हणून सुनेच्या फ्रिजमधली साय दोन्हींत वाटी वाटी घातली. शिकलेल्या सुना बोलत नाहीत, फ्रिजचं दार जरा जोरात लावतात.

व्यापाऱ्याच्या दारात मी दोन किटल्या घेऊन उतरलो तेव्हा तो उठून उभा राहिला. खेड्यातनं गिऱ्हाईक दूध घेऊन आलं म्हणजे भेटच, असं त्याला वाटलं असणार. एक किटली ऑफिसात ठेवली, दुसरी स्पोर्टमध्ये मागच्या सीटपुढं पाय ठेवायच्या जागी दोन विटांच्या मधे बसवली आणि निघालो. मुलगा शेजारी. व्यापाऱ्यानं विटांकडं बघून नुसती मान हलवली.

शहराबाहेर खडी टाकून सोडून दिलेला एक रस्ता आहे. त्यावरनं जाऊन येऊन अर्धा तास. डावा पाय रिकामा ठेवायची सवय नाही, दोनदा तो क्लच शोधत ब्रेकवर पडला आणि मुलाचं डोकं पुढं जाऊन आलं. मी त्याला म्हणालो, बघ, मऊ ब्रेक आहे. परत येऊन झाकण उघडलं. कोरडं. एक कण नाही. मी झाकण मुलाच्या नाकासमोर धरलं.

"दिसतंय का काय?"

"नाही."

"तुझ्या मोबाईलला दाखव."

ऑफिसात गेलो तर चहा तयार. व्यापारी खूष. "काका, दूध एकदम मस्त लाये. सबको चाय पिलाया." गॅरेजचे लोक, गाडी बघायला आलेलं एक कुटुंब, शेजारचा टायरवाला, सगळे माझ्या दुधाचा चहा पीत होते. मी पण प्यालो. दोन कप. चांगला झाला होता, तसं बोललोही. मग उरलेली किटली उचलली, साधीत ठेवली आणि त्याच रस्त्यानं तेवढ्याच वेगानं फिरवून आणली. झाकण उघडलं तर लोण्याचे कण चिकटलेले, बोटानं निघतील एवढे.

मी व्यापाऱ्याला झाकण दाखवलं. मुलाला दाखवलं. टायरवाल्यालासुद्धा बोलावून दाखवलं, कारण तो ठोस धंद्यातला माणूस वाटला. "स्पोर्ट मऊ. साधी कडक. हे बघा, लिहून आलंय." मुलाला दुधाचं एवढंच ठाऊक, की ते पिशवीत येतं. स्पोर्ट घेतली. तिला हार घातला, नारळ फोडला. लाल दोऱ्याला हळदकुंकू शोभून दिसलं.

दोन दिवसांनी बायकोला न्यायला निघालो. लिफ्टनं खाली आणली. गाडीची सीट इतकी खाली, की तिला विहिरीत उतरवल्यासारखं धरून सोडावं लागलं. सीटच्या दोन्ही बाजूंनी उंच कडा आहेत, वळणावर माणूस हलू नये म्हणून. त्यात ती अडकली. लुगडं एका कडेला, ती दुसऱ्या कडेला.

"हितं बसायचं का निजायचं?" ती म्हणाली.

"लोक पैसे मोजत्यात ह्याला."

"मोजू द्यात की. मला पाय कुटं ठिवायचं ते सांगा."

शहरातल्या पहिल्याच गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं. आवाज असा आला की रस्त्यावरचा एक माणूस थांबून खाली बघायला लागला. मी हळू चालवायला लागलो. इतकं हळू की मागनं रिक्षावाले शिव्या घालून पुढं गेले. तरी बांगडीएवढ्या रबरातनं रस्त्याचा खडा न् खडा आत येत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बरं वाटेल असं मी म्हणत होतो. दोन पत्रे जोडतात तसे रस्त्याला सांधे असतात, त्या प्रत्येक सांध्याला टक, टक. बायको बोलायची थांबली. तिनं दारावरचा दांडा धरला होता आणि खालचा ओठ दातात. ती गप्प बसली की मला एरवी बरं वाटतं.

मोहोळ यायच्या आधी तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्यात असं चारचौघांत करायची पद्धत नाही. "थांबवा," ती म्हणाली.

एका लिंबाच्या सावलीला गाडी लावली. तिची सीट मागं केली. तिनं डोळे मिटले. मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "हिला दुधानं पास केली म्हनला हुता न्हवं?"

"व्हय. झाकन कोरडं हुतं."

"आन् दुसरीत?"

"लोनी धरलतं."

"दोनी किटल्या काठोकाठ हुत्या?"

मी चहाचं सांगितलं. सांगताना मला ते बारीकसं वाटलं, एवढा चहा, एवढी माणसं. सांगून झाल्यावर मात्र माझं मलाच ऐकू आलं.

भरलेल्या भांड्यात दूध हलायला जागाच नसते. ते घुसळत नाही. तुम्ही बैलगाडीत घालून डोंगरावरनं आणा, काही होत नाही. अर्धं भांडं असलं की गुळगुळीत रस्त्यावरसुद्धा ते डचमळतं आणि लोणी धरतं. म्हणून डेअरीला कॅन काठोकाठ भरून द्यायचा. हे मी जन्मभर लोकांना सांगितलं. सांगितलं कसलं, बोंबललो. अर्धा कॅन आणला म्हणून लोकांना टेम्पोला हात लावू दिला नाही. आणि मी स्वतः अर्ध्या किटलीवरनं निकाल लावला होता. दोन कप पिऊन.

"एका पावण्यानं कॅन जरा कमी भरला," बायको म्हणाली, "तर तुमी त्याला कॅनसकट माघारी धाडला हुता. तो अजून आपल्यात जेवत न्हाय." आणि ती हसायला लागली. पोट धरून नाही, तिला तसं हसता येत नव्हतं. नाकातनं, तुटक.

"हसू नगंस. दुखंल."

"दुखतंयच की. गाडीनं दुखन्यापरीस ह्यानं बरं."

मग ती थांबली. डोळे पुसले. "माघारी फिरवा," ती म्हणाली. "मी ऱ्हाते लेकाकडं दिवाळीपत्तूर. तुमी जावा घरी. तुमास्नी शोभती गाडी."

ती रागानं म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती साधं बोलली. म्हणजे तिनं मनात तसं ठरवलं होतं. मी गाडी फिरवली. परतीची वाट जितकी हळू चालवता येते तितकी चालवली.

फ्लॅटचं दार मुलानं उघडलं. आईला बघितलं, मला बघितलं आणि म्हणाला, "पाणी घ्या आबा." त्यानं टोमणा मारला असता तर तिथल्या तिथं भागलं असतं. पण ह्यानं पाणी दिलं. आता बोलायचं माझ्यावर आलं. मी त्यांच्या चपलांच्या कपाटाकडं तोंड करून म्हणालो, "चुकलं माझं."

"काय म्हणालात?"

"मी एकदाच म्हनतो."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडं गेलो. या खेपेला बायकोला घेऊन. ती हळूहळू, मुलाच्या खांद्याला धरून. व्यापारी पुढं आला आणि माझ्या रिकाम्या हातांकडं बघून म्हणाला, "काका, आज दूध नहीं लाये?"

मी सगळं सांगितलं. खरं तर स्पोर्टमध्ये खोट आहे असं सांगायचं ठरवून गेलो होतो, पण बायको शेजारी उभी होती. तो हसला नाही. स्पोर्ट परत घ्यायला तो लगेच तयार झाला, कारण परवापासून तिघं जण तिच्यासाठी येऊन गेले होते, लग्नाची वरात डोक्यात ठेवून. साधी तिथंच उभी होती. "उसको कोन पूछता काका. सबको लाल धागा होना," तो म्हणाला आणि किल्ली मला नाही, बायकोला दिली. माणूस हुशार.

ती साधीत बसली. उठली. पुन्हा बसली. सीटला कडा नाहीत, तेव्हा बाजूनं सरकून बसता येत होतं. "ह्यात लुगडं अडकत न्हाय," ती म्हणाली. मग खडीच्या रस्त्याला घेतली. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक तिच्यावर ठेवून चालवत होतो. जाड टायर, पाळण्यासारखे झोके, गाडी म्हशीसारखी डुलत होती. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"गप चालवा," ती म्हणाली आणि मागं बसलेल्या मुलाला सुनेनं सांडगे कुठं वाळत घातलेत ते विचारायला लागली. खडी संपेपर्यंत तिचं सांडग्यांचंच चाललं होतं. एकदाही तिनं दांडा धरला नाही. मला काय कळायचं ते कळलं.

साधी पक्की केली आणि तिथनंच बायकोला घेऊन गावाकडं निघालो. मुलगा विजापूर रोडला उतरला. खिडकीतनं वाकून म्हणाला, "आबा, गुरुवारी आणा." मी म्हणालो, "आणतो." साधीचा विषय त्यानं काढला नाही, म्हणून मी त्याचं मनातल्या मनात कौतुक केलं. तेवढं त्याला पुरेल.

मोहोळ गेलं. बायकोला झोप लागली. दोन महिने त्या तिसऱ्या मजल्यावर तिला नीट झोप नव्हती, समोरच्या खिडकीत टीव्ही चालायचा. आता मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, हात मोकळा मांडीवर. मी हॉर्न वाजवला नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन मैल गेलो, पण ओव्हरटेक केलं नाही.

करकंब आलं. आमच्या घराकडं वळायचं म्हणजे दगडांचा बोळ, त्यात दोन गटारींच्या फरश्या. वळलो असतो तर ती जागी झाली असती. पारावर बसलेल्यांनी गाडी बघून हात वर केले. मी हात वर केला आणि तसाच सरळ टेंभुर्णीच्या बाजूला निघून गेलो. पुढं दोन-तीन मैल रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंनी ऊस. तिथनं फिरून आलो. ती झोपलेलीच. पारावरच्यांनी पुन्हा हात वर केले, या खेपेला जरा कमी. मी पुन्हा गेलो पंढरपूरच्या बाजूला.

तिसऱ्या फेरीला तिनं डोळे उघडले. "आलं का घर?"

"न्हाय अजून."

तिनं बाहेर बघितलं. "आपला बोळ तर मागं गेला."

"बघितला मी."

"मग?"

"रस्ता चांगला हाय. जावं म्हनलं जरा."

तिनं पदर नीट केला, पाय पुढं लांब केले आणि सीटला पाठ टेकली. "जावा," ती म्हणाली. "पर चुलीला लाकडं हायत का न्हाईत, तेवढं आधी सांगा."